पडद्यावरचं पोर

ती घटना आठवली की आजही आधी डोळ्यांसमोर येतो तो कॉम्प्युटरचा एक पडदा. रस्ता, गाडी, पंचनामा हे सगळं मागून येतं. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, जमावाचे दगड खाल्ले. पण तोंडात बोट घालून उभा राहिलो तो एकदाच, आणि तेही एका चष्मेवाल्या प्राध्यापकाच्या टेबलामागे. नव्वदच्या दशकाची अखेर होती आणि मी भिवंडीत निरीक्षक होतो. नावं कुणाचीच सांगणार नाही. ती माणसं अजून तिथेच राहतात आणि त्यांनी भोगायचं ते भोगलं आहे.

सकाळची हजेरी आटोपून मी टेबलाशी बसलो होतो. वायरलेसवर निरोप आला की वाडा रस्त्यावर, शहर संपतं तिथे कारची टेम्पोला धडक बसली आहे, लहान मूल मयत आहे आणि जमाव जमला आहे. ‘जमाव’ हा शब्द आला की भिवंडीत पोलीस चहा अर्धा टाकून उठतो. मी हवालदाराला घेऊन निघालो.

पोचलो तर अपघात कुठे दिसेना. म्हणजे गाडी होती, टेम्पो होता, पण अपघात म्हणावा असं काही नव्हतं. टेम्पोतले कापडाचे तागे जागचे हललेसुद्धा नव्हते. कारचा बंपर चेपला होता, एक दिवा फुटला होता, समोरची काच शाबूत होती. गाडी परदेशी बनावटीची, कुणीतरी परदेशातून परतताना आणलेली आणि मग इथे विकलेली. तिच्या स्टिअरिंगमधून एक आणि डाव्या बाजूच्या डॅशबोर्डमधून एक अशा दोन पांढऱ्या पिशव्या लोंबत होत्या, वाळत घातलेल्या उशीच्या अभ्र्यांसारख्या. आत सगळीकडे पांढरी भुकटी पसरली होती. आमच्या हवालदाराने ती पुडीत भरून सील केली आणि पंचनाम्यात ‘संशयास्पद पांढरी पावडर’ असं ठसठशीत लिहिलं. त्याला वाटलं, मोठा मासा गळाला लागला.

रस्त्याच्या कडेला एक धिप्पाड माणूस मांडी घालून बसला होता. मांडीवर तीनेक वर्षांचा मुलगा, झोपल्यासारखा. रक्ताचा थेंब नव्हता. तो माणूस एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता.

“मीच मारला माझ्या भाच्याला. मीच मारला.”

हे वाक्य जमावातल्या प्रत्येकाने ऐकलं होतं. आणि गाडीचा ड्रायव्हर पळून गेला होता.

हकीगत अशी. हा माणूस कशेळीचा, खाडीकाठच्या जमीनदार घरातला. मी त्याला मामाच म्हणतो, कारण सगळं रामायण त्या नात्यापायी घडलं. त्याच्या बहिणीच्या मुलाचं जावळ काढायचं होतं. जावळ मामाच्या मांडीवर बसवूनच काढतात. वज्रेश्वरीला दर्शन, अकलोलीला गरम कुंडात अंघोळ आणि तिथेच जावळ, असा बेत होता. बहीण, तिचा नवरा आणि बाकी नातेवाईक जीपने पुढे निघाले. मुलगा मात्र मामाच्या नव्या गाडीसाठी हटून बसला, तेव्हा तो मामाबरोबर मागून निघाला. गाडी पगारी ड्रायव्हर चालवत होता, मामा त्याच्या शेजारी पुढे बसला होता.

दुपारी सरकारी दवाखान्यातून शवविच्छेदनाचा तोंडी निकाल आला. डॉक्टर अनुभवी होते, उगाच बोलणारे नव्हते.

“साहेब, मान कवटीच्या बुडाशी निखळली आहे. मज्जारज्जू तुटलाय. हनुवटीखाली खरचटल्याचा लाल पट्टा आहे. बाकी अंगावर ओरखडा नाही.”

“अपघाताने होईल?”

“मोठ्या अपघातात होईल. तुम्ही सांगताय तेवढ्या धक्क्याने नाही. कुणीतरी हनुवटीखाली हात घालून जोरात मान मागे मोडली, तर असं दिसेल.”

संध्याकाळी मुलाचा बाप ठाण्यात आला. तो शाळेत शिक्षक होता, गुरुजी. शांत माणूस, पण त्या दिवशी खुर्ची दिली तरी बसला नाही. कशेळीला गोदामं उभी राहू लागली तशा खाडीकाठच्या पडीक जमिनीही सोन्याच्या झाल्या होत्या. बहिणीने आपल्या वाट्यावरचा हक्क सोडावा असं मामाचं म्हणणं होतं, गुरुजींनी सही करू दिली नव्हती, आणि होळीला दोघांची भर अंगणात जुंपली होती. साऱ्या गावाने ते पाहिलं होतं.

“त्यानं माझा वंश बुडवला,” गुरुजी म्हणाले. “फिर्याद लिहून घ्या.”

मी फिर्याद घेतली. कारण होतं, संधी होती, मामाच्या दोन्ही हातांवर कोपरापासून मनगटापर्यंत ताजे लाल ओरखडे होते, आणि स्वतःच्या तोंडचं ते वाक्य होतं. पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही हे खरं, पण जमावापुढे ती फार टिकते. मी त्याला अटक केली आणि कोर्टातून पोलीस कोठडी घेतली.

चौकशीत मामा काहीच बोलेना. आता माझा एक अनुभव सांगतो. ज्याने केलेलं असतं तो आधी कारणं सांगतो, मग वेळा सांगतो, मग देवाच्या शपथा घेतो. हा माणूस स्वतःची बाजूच मांडत नव्हता. वकील नको म्हणायचा, जेवण नको म्हणायचा. रडतही नव्हता. भिंतीकडे बघून तेच वाक्य बोलायचा. त्याची बहीण तिसऱ्या प्रहरी ठाण्याच्या व्हरांड्यात येऊन बसायची. तिचा मुलगा गेला होता आणि ती भावासाठी डबा घेऊन यायची. असलं दृश्य मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

“माझ्या दादूसनी मारला न्हाय, साहेब,” ती मला म्हणाली. “जमिनीपायी तो भांडंल, शिव्या देईल. पन पोऱ्यावर हात? तो न्हायच.”

“तोच म्हणतो ना, मारला म्हणून.”

“तो काय बोलतंय ते त्यालाच ठाव न्हाय.”

तिच्या नवऱ्याची फिर्याद आणि तिची ही ग्वाही, दोन्ही माझ्या एकाच टेबलावर. एकाचं खरं धरावं तर दुसऱ्याचं घर मोडणार होतं. ड्रायव्हर मिळाल्याशिवाय गाडं पुढे सरकणार नव्हतं.

खबर आली ती एका चहावाल्याकडून. लूमच्या कारखान्यांत चहा पोचवणारा हा माणूस आमचा जुना खबऱ्या होता.

“साहेब, एका लूमवर नवा माणूस आलाय. गावाकडचा कारागीर म्हणून सांगतो, पण तुटलेल्या धाग्याला गाठ मारता येत नाही. आणि बाहेर गाडीचा हॉर्न वाजला की मान खाली घालतो.”

गाठ न येणारा कारागीर म्हणजे पोहता न येणारा कोळी. आम्ही शिफ्ट बदलायच्या वेळी गेलो आणि त्याला गर्दीतून अलगद उचललं. तोच ड्रायव्हर होता. उत्तर प्रदेशातला, जिवाला घाबरलेला. अपघात झाला की लोक आधी ड्रायव्हरला तुडवतात आणि मग चूक कुणाची ते विचारतात. म्हणून तो पळाला होता.

“साहब, टक्कर मामूली थी,” तो हात जोडून म्हणाला. “टेम्पोवाला अचानक रुका, मैंने ब्रेक मारा, थोड़ा सा लगा। फिर धमाका हुआ। धुआँ ही धुआँ। सेठ चिल्ला रहा था, बच्चा चुप था।”

“बॉम्ब फुटला म्हणतोस?” हवालदार हसला. “आणि तू जिवंत?”

“कसम से साहब। गाड़ी ने ही मारा।”

हवालदाराला हसू आवरेना. मला मात्र हसू आलं नाही, कारण माझं लक्ष त्याच्या जोडलेल्या हातांकडे गेलं होतं. मनगटांच्या आतल्या बाजूला लाल खरचटल्याच्या खुणा होत्या, खपली धरू लागलेल्या. मामाच्या हातावर होत्या अगदी तशाच. मामाचे ओरखडे मुलाच्या झटापटीतले, असं आम्ही धरून चाललो होतो. मग ड्रायव्हरशी कोण झटापट करायला गेलं होतं?

दोघांच्याही पुढ्यात एकेक पांढरी पिशवी होती, एवढंच दोघांत समान होतं.

हवालदाराची ती ‘संशयास्पद’ पुडी, मुलाचे कपडे आणि मामाच्या पुढ्यातली पिशवी मी मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवली. भुकटी अंमली वगैरे काही नव्हती. पिशवीची घडी चिकटू नये म्हणून आत टाकतात ती पावडर. हवालदाराचा मासा निसटला. पण तीच पावडर मुलाच्या सदऱ्याच्या कॉलरच्या आतल्या बाजूला सापडली होती. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना विचारलं, तर हनुवटीखालच्या लाल पट्ट्यावर पांढरट काहीतरी होतं, त्यांनी पुसून टाकलं होतं.

पण ही पिशवी, जिला एअरबॅग म्हणतात, माणूस वाचवायला असते! धडकेत फुगते आणि डोकं आपटू देत नाही. उशी कुणाला मारते का? प्रयोगशाळेतल्या अधिकाऱ्यांनाही नक्की सांगता येईना. ते म्हणाले, “अभियांत्रिकी संस्थेत एक प्राध्यापक आहेत. कॉम्प्युटरवर असले अपघात घडवून बघतात. त्यांना भेटा.”

अपघात घडवून बघतात! मला वाटलं, माझी थट्टा चालली आहे.

प्राध्यापकांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. “मूल नेमकं कसं बसलं होतं?”

ते आम्ही मामाला विचारलंच नव्हतं. मांडीवर होतं, एवढ्यावर आमचं समाधान झालं होतं.

मी त्याला ठाण्याच्या आवारात उभ्या असलेल्या त्या गाडीजवळ नेलं. ठाण्यातलं एक अंथरूण मुलाच्या उंचीएवढं गुंडाळून त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, “दाखव.” कोठडीत पुतळ्यासारखा बसलेला तो माणूस ती वळकटी घेऊन पुढच्या सीटवर बसला. आधी मांडीवर घेतली. मग हळूच उचलून दोन गुडघ्यांच्या मध्ये उभी केली, पुढे सरकवून डॅशबोर्डला टेकवली आणि दोन्ही हातांनी कवेत धरली. मग एक हात सोडवला आणि वळकटीच्या टोकावर तळवा आडवा धरला. ऊन लागू नये म्हणून. त्या आवारात तेव्हा ऊनही नव्हतं.

“असा उभा होता,” तो म्हणाला. पहिल्यांदाच वेगळं काही बोलला. “समोरचा रस्ता बघायचा होता त्याला. मी बोललो, बघ. याच्या आत फुगा हाय, आपटलं तरी तुला काय होनार न्हाय. म्हनून तर त्याला म्होरं घेतला, साहेब. मागं फुगा न्हाय ना.”

हवालदाराने दुसरीकडे तोंड फिरवलं.

मी गाडीची मापं, मुलाची उंची, वजन, चेपलेल्या बंपरचे फोटो असं सगळं प्राध्यापकांकडे नेलं. त्यांना काम करायला वेळ लागला, पण एके दिवशी निरोप आला, या.

खोली साधीच होती. टेबलावर एक मोठा पडदा आणि पडद्यावर रेघांची गाडी. सीट, डॅशबोर्ड, मोठा माणूस आणि त्याच्या गुडघ्यांमध्ये उभं एक पोर. त्याला नाक नव्हतं, डोळे नव्हते, नुसते गोल आणि लांबट आकार. पण मोठं डोकं आणि बारीक मान, अगदी लहान मुलाची.

“हे पोर आकड्यांचं आहे,” प्राध्यापक म्हणाले. “तीन वर्षांच्या मुलाचं डोकं किती जड, मान किती वाकते, किती ताण सोसते, हे सगळं यात भरलंय. परदेशात माणसाच्या मापाचे बाहुले बनवून गाड्या आपटतात आणि मोजमापं घेतात, त्यावरून हे तयार होतं. या वयात डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं आणि मान कोवळी. जड फूल, नाजूक देठ. आता बघा.”

त्यांनी कळ दाबली. एकामागून एक चित्रं सरकू लागली, डोळ्याची पापणी लवते तेवढा काळ लांबच लांब ताणून दाखवावा तशी. गाडी टेकली. पोर थोडं पुढे झुकलं. डॅशबोर्डचं झाकण उघडलं आणि पिशवी बाहेर आली. बाहेर आली म्हणजे हळूहळू फुगत येईल असं मला वाटलं होतं. ती मुसंडी मारून आली. पोराच्या छातीला भिडली, वर सरकली, हनुवटीखाली शिरली आणि डोकं उचलून मागे फेकलं. धड अजून जागेवरच होतं.

माझ्या तोंडून “अरे देवा” निघून गेलं.

प्राध्यापकांनी चित्र थांबवलं. बाजूला एक वक्र रेघ उभी चढली होती. मानेवरचा ताण. कोवळी मान सोसू शकते त्याच्या कितीतरी वर ती रेघ गेली होती. डॉक्टरांनी दवाखान्यात मला जे सांगितलं होतं, तेच, त्याच जागी, या रेघांच्या पोराला झालं होतं. “हनुवटीखालचा पट्टा पिशवीच्या कापडाचा. हात खरचटले तेही तिनेच. पिशवी पुरी फुगल्यावर मऊ असते. फुगताना नसते. मोठा माणूस लांब बसलेला असतो, त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर ती उशी होते. जो तिला चिकटून उभा आहे, त्याच्यासाठी ती गुद्दा असते.” मग ते म्हणाले, “हे असंच घडलं, असं मी शपथेवर सांगणार नाही. असं घडू शकतं आणि तुमच्या सगळ्या खुणा याच्याशी जुळतात, एवढं लिहून देईन.”

इतक्या वर्षांत इतका प्रामाणिक साक्षीदार मला भेटला नव्हता.

मग त्यांनी पोराची जागा बदलली. आधी मामाच्या छातीला टेकून बसवलं, तरी रेघ चढलीच, जरा कमी. मग मागच्या सीटवर बसवलं. गाडी तशीच टेकली. पोर पुढे गेलं, समोरच्या सीटच्या पाठीला टेकलं आणि मागे येऊन बसलं. रेघ जेमतेम हलली.

मी कितीतरी वेळ तिथून हललो नाही. मेलेल्या माणसावरून काय झालं ते शोधायचं, हा माझा धंदा. इथे एक माणूस कधीही न जन्मलेलं पोर पुन्हा पुन्हा मारत होता, जन्मलेली पोरं जगावीत म्हणून. देवळात गेल्यावर मला जे वाटायला हवं आणि बहुतेक वेळा वाटत नाही, ते त्या खोलीत वाटलं. आकडेमोड एवढं दाखवू शकते, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मी नकळत त्या पडद्याला हात जोडले. प्राध्यापक संकोचले आणि चहा मागवायला बाहेर गेले.

डॉक्टरांनी तो अहवाल पाहिला, दोन शंका विचारल्या आणि आपलं मत लेखी बदललं. खुनाचं कलम गळलं. पुराव्याअभावी मामाला कलम १६९ खाली सोडायचं ठरलं. गुरुजींना मी स्वतः अहवाल समजावून सांगितला. शिक्षक माणूस, त्यांना आलेख वाचता येत होता. त्या चढलेल्या रेघेवर बोट ठेवून ते बसून राहिले.

मामाला सोडायच्या दिवशी बहीण आधी माझ्या खोलीत आली. दार लोटून घेतलं.

“साहेब, एक मागनं हाय. तो तुम्हाला इचारंल, पोऱ्या मागं बसला असता तर जगला असता का. तुम्ही न्हाय म्हना. ‘तरी गेला असता’ असं म्हना.”

“का?”

“न्हायतर तो जगनार न्हाय.”

मी तिला शब्द दिला नाही, नकारही दिला नाही. मामा आला, खुर्चीवर बसला. मी त्याला सगळं समजावलं: पिशवी कशी येते, कुठे लागली, कोवळी मान का टिकली नाही. तो मान खाली घालून ऐकत होता. आणि मग त्याने तेच विचारलं.

“मागं बसवला असता तर?”

बहीण माझ्याकडे बघत होती. खोटं बोलणं सोपं होतं, आणि दयेचंही दिसलं असतं. पण या माणसाला मी वळकटीवर ऊन येऊ नये म्हणून हात धरताना पाहिलं होतं. त्याला खोटं सांगितलं असतं तर त्याला ते कळलं असतं, आणि मग माझं पहिलं खरंही त्याने मानलं नसतं.

“जगला असता,” मी म्हणालो.

बहिणीने तोंडाला पदर लावला. मग मामा एकेक शब्द तोलत बोलला, “म्हनजे मी त्याला म्होरं घेतला.”

“हो.”

“मारला न्हाय.”

“नाही. मारला नाहीस.”

“म्होरं घेतला. मारला न्हाय,” तो पुन्हा म्हणाला, आणि त्याचा चेहरा मोडला. इतके दिवस न रडलेला तो धिप्पाड माणूस माझ्या टेबलावर डोकं ठेवून हमसाहमशी रडू लागला. बहीण जवळ गेली, त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “रडला एकदाचा.”

या केसने मला काय शिकवलं, असं पुढे प्रशिक्षणातली मुलं विचारायची. मी त्यांना पंचनामा, खुणा, ताबडतोब निष्कर्ष न काढणं वगैरे सांगायचो, ते खरंच आहे. पण मनात असायचं ते वेगळंच. माणसाला स्वतःच्या चुकीचं नेमकं माप कळलं तर तो ते ओझं पेलून उभा राहू शकतो. माप न कळलेलं ओझं त्याला चिरडून टाकतं. ते माप आमच्या कोठडीत मिळालं नसतं. ते त्या रेघांच्या पोराने दिलं.

त्या दिवशी गुरुजी ठाण्याच्या पायरीशी उभे होते, आत यायला धजत नव्हते. मामा बाहेर आला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मग गुरुजींनी पुढे होऊन त्याच्या हातातली कपड्यांची पिशवी घेतली आणि म्हणाले, “चला, घरी जेवण वाढून ठेवलंय.”